कीर्तनाचे मूळपद आणि ख्रिस्ती उपदेशाची शास्त्रनिष्ठा

मराठी ख्रिस्ती उपदेशाची चर्चा बहुधा ‘देशीकरण’ या शब्दापाशी थांबते. अभंग गायला, टाळ-मृदंग वाजला की उपदेश मराठी झाला, असे मानले जाते. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले व पुढे कीर्तनाला त्यांनी उपदेशाचे साधन केले. त्यांच्याआधीच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तन रुजविले होते. या परंपरेचे मोल केवळ तिच्या वेशात पाहणे अपुरे आहे.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात मूळपद, त्याचे निरूपण आणि पुन्हा मूळपद, असा क्रम असतो. उत्तररंगात आख्यान येते. वक्ता कितीही दूर गेला तरी त्याला मूळपदाकडे परतावेच लागते. शास्त्रभाग वाचून बाजूला ठेवणाऱ्या आणि मग मनाला येईल ते सांगणाऱ्या उपदेशकाला ही शिस्त नसते. या दृष्टीने कीर्तन हे शास्त्रनिष्ठेचेच साधन ठरते.

धोका उत्तररंगात आहे. आख्यानाला रस हवा, आणि रस शास्त्रभागावर मात करू शकतो. उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५) पाहावा. दूरदेशी गेलेला धाकटा, दुष्काळ, डुकरांच्या शेंगा, धावत येणारा बाप, मेजवानी: करुणापासून वात्सल्यापर्यंत सारे रस येथे सिद्ध आहेत. आख्यान मेजवानीवर संपविण्याचा मोह स्वाभाविक होय. परंतु लूकचा दाखला तेथे संपत नाही. थोरला मुलगा रागावून बाहेर उभा राहतो, बाप त्याची समजूत घालावयास बाहेर येतो, आणि तो आत गेला की नाही हे सांगितलेच जात नाही. अध्यायाच्या आरंभी परूशी व शास्त्री यांची तक्रार आहे ती येशू पापी लोकांसह जेवतो ही, म्हणजे पंगतीची. थोरल्याला वगळले तर दाखल्याचा श्रोताच वगळला जातो.

पंगतीचा हा प्रश्न नाशिकला परका नाही. चर्च मिशनरी सोसायटीने येथील शरणपूर वस्तीत मराठी ख्रिस्ती आणि गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकी मुले यांना एकत्र आणले होते. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या सोवळ्याची आणि ते सुटण्याची कथा सांगितली आहे, पतीच्या धर्मांतरानंतरही त्या काही वर्षे त्या उंबरठ्याबाहेरच होत्या. स्वतःलाही न वाचविणारे ते निवेदन, थोरल्या मुलाच्या बाजूने दाखला कसा सांगावा याचा, अनेक छापील उपदेशांहून सरस पाठ आहे. (त्यातील विनोद तर उपदेशकांनी आवर्जून अभ्यासावा.)

तात्पर्य निवडून मग त्याला पोषक कथा शोधणे ही उपदेशाच्या तयारीची रूढ रीत. येथे ती उलटावी लागते. थोरला आत जाण्यास नाकारतो, तेच वचन मूळपद म्हणून घेतले, तर प्रत्येक परतीला श्रोता दाराशी आणला जाईल आणि मेजवानीचे वर्णन रंगूनही निसटणार नाही. मात्र कीर्तनाची सांगता आरतीने होते. थोरला अद्याप अंगणात उभा असताना ती कोणत्या स्वरात म्हणावी, याचे उत्तर रूढ पद्धतीत मिळत नाही.