घोडदळाची कडाबीन : संग्राहकदृष्टीची चिकित्सा

लाखांदूरचा परिसर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निवर्तले व पुढील वर्षी ते राज्य खालसा झाले. या पूर्वेतिहासामुळे पूर्व विदर्भाशी नाव जोडलेल्या प्रत्येक आखूड नळीच्या बंदुकीस ‘भोसल्यांची कडाबीन’ म्हणण्याचा मोह संग्राहकास होतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

चापाच्या पट्टीवर मुकुट धरलेला उभा सिंह असल्यास ते शस्त्र ईस्ट इंडिया कंपनीचे व साधारणतः १८०८ नंतरचे ठरते. तत्पूर्वी हृदयाकृती चिन्ह वापरात होते. मात्र शस्त्र कोणासाठी घडले एवढेच ही खूण सांगते. ते पुढे कोणाच्या हाती गेले, हे ती सांगत नाही. सीताबर्डीच्या लढाईत (२६-२७ नोव्हेंबर १८१७) कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाल घोडदळाची धडक निर्णायक ठरली, म्हणून कंपनीची प्रत्येक कडाबीन त्या रणांगणाशी जोडणे हेही तितकेच निराधार होय.

वस्तुतः स्वाराचा खरा पुरावा अन्यत्र असतो. कडाबीन खांद्यावरील पट्ट्याच्या आकड्यास अडकविली जाई. त्यामुळे डाव्या बाजूची दांडी व कडी घासली जाते. पॅजेट कडाबिनीची नळी अवघी सोळा इंचांची. चालत्या घोड्यावर ठासताना गज हातून पडू नये, म्हणून तो सांधकडीने नळीशीच जोडलेला असे. या सांध्याची झीज, दस्त्यावरील ओरखडे, बदललेले खिळे ही शस्त्राची खरी बखर आहे.

नेमकी हीच बखर संग्राहक पुसून टाकतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अनेक चकमकी बंदुका टोपीदार करण्यात आल्या. आज अधिक किमतीच्या लोभाने त्यांवर पुन्हा चकमकीचा चाप बसविला जातो आणि गंजाबरोबर खुणाही घासल्या जातात. त्यास ‘पुनरुज्जीवन’ म्हणणे शब्दाचा दुरुपयोग होय. तो दस्तऐवजातील फेरफारच आहे. निष्काळजीपणे भरलेली संग्रहालयीन नोंद यात भरच घालते. ‘जुनी बंदूक, लोखंड व लाकूड’ एवढ्याच नोंदीवरून मूळ चाप कोणता, हे पुढील अभ्यासकास कसे कळावे?

कायद्याची बाजूही या हौसेला अनुकूल नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ पुराणमूल्य असलेल्या शस्त्रास सूट देते, ती दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. चालू स्थितीत आणलेली कडाबीन त्या सवलतीबाहेर जाते.