आर्यभूषणांतील संगीतग्रंथ व लोचनाचा काल

ज्या आर्यभूषण छापखान्यांतून १८८१ सालीं 'केसरी' निघूं लागला, त्यानेंच पुढें संस्कृत संगीतशास्त्राची सेवा केली, हें आम्हां पोथ्या जमविणारांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असतें. १९१८ च्या सुमारास लोचनाची 'रागतरंगिणी', पुंडरीक विठ्ठलाची 'रागमंजरी', श्रीनिवासाचा 'रागतत्त्वविबोध' असे लहान ग्रंथ येथें छापले गेले. संपादक पुण्याचे दत्तात्रय केशव जोशी, प्रेरणा पं. विष्णु नारायण भातखंडे यांची. पंडितांचे स्वतःचे ग्रंथ मुंबईस भालचंद्र सीताराम सुकथनकर प्रसिद्ध करीत. हे उद्योग नसते, तर यांतील कित्येक नांवें सूचीपत्रांतच राहतीं.

उपकार मानून दोष सांगणें प्राप्त आहे. आनंदाश्रमानें १८९६-९७ सालीं मंगेश रामकृष्ण तेलंगांकडून 'संगीतरत्नाकर' कल्लिनाथाच्या टीकेसह सिद्ध करविला, तेव्हां पाठभेद तळटीपांत दिले. वाचकास संपादकाशीं भांडण्याची सोय राहिली. आर्यभूषणाच्या पुस्तिका गानशास्त्राच्या अभ्यासकांस मूळ ग्रंथ लवकर मिळावे म्हणून निघाल्या. पोथीचें कुलशील सांगणें हा त्यांचा मुख्य हेतु नव्हता. गवयाचें एवढ्यानें भागेल, इतिहासकाराचें भागत नाहीं.

'रागतरंगिणी'च घ्या. तींतील कालदर्शक श्लोकांत भुज, वसु व दश या संकेतांवरून शक १०८२, म्हणजे इ. स. ११६०, निघतो, बल्लाळसेनाचें राज्यही सांगितलें आहे. परंतु त्याच ग्रंथांत चौदाव्या-पंधराव्या शतकांतला मैथिल कवि विद्यापति येतो! शिवाय लोचनाच्या बारा संस्थानांत ईमन आहे, आणि त्या रागाची परंपरा अमीर खुसरूशीं जोडतात. मग श्लोक प्रक्षिप्त, कीं पाठ भ्रष्ट, कीं तो दुसऱ्या ग्रंथांतून आला? आमच्या मतें तो मूळचा नव्हे. पण एका छापील पाठावर एवढा निकाल उभारणें धाडसाचें आहे. १९३४ सालीं बलदेव मिश्र यांनीं दरभंग्याहून काढलेली आवृत्तिही शेजारीं ठेवली पाहिजे.

हा केवळ शकाचा वाद नव्हे. लोचन बाराव्या शतकांतला ठरला, तर शार्ङ्गदेवाच्या आधींच उत्तरेंत संस्थानांवरून राग लावण्याची रीत होती असें म्हणावें लागेल. सतराव्या शतकांतला ठरला, तर तो गढामंडल्याच्या हृदयनारायणाच्या अगदीं निकट येतो. आणि दोघांच्या संस्थानांतील साम्य पाहतां आम्हांस हेंच संभवनीय वाटतें.

ज्यांच्या संग्रहीं 'रागतरंगिणी' अथवा 'हृदयकौतुक' यांची हस्तलिखित प्रत असेल, त्यांनीं तिची पुष्पिका, लेखनशक व पत्रसंख्या जशीच्या तशी उतरून या त्रैमासिकाकडे धाडावी. अशुद्धें सुधारूं नयेत.

नारायण पेठ, पुणें.