आडनाव कंपनीचं

मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाची ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ (2003) ही इंग्रजी कादंबरी मी डिक्शनरी उशाशी ठेवून वाचली. दोन रात्रपाळ्यांच्या मधली झोप तिनं खाल्ली. मजा आली, कबूल करतो.

यातल्या अमेरिकी राज्यात टॅक्स नाही. माणूस जिथं राबतो त्या कंपनीचं नाव हेच त्याचं आडनाव. हॅक नायकी हा साधा नोकर काँट्रॅक्ट न वाचता सही ठोकतो. आत काय? नवे बूट घेणाऱ्या पोरांना गोळ्या घाल, म्हणजे बुटाची हवा होईल! हेली मॅकडोनाल्ड्स ही शाळकरी पोर मरते, तर तपासाचा खर्च सरकार तिच्या आईबापाकडं मागतं. हसता हसता घास अडकतो. न वाचता सह्या मीही केल्यात, दोस्तांनो.

पण आडनावाची भीती बॅरी घालतो, तिथं मी भ्यालो नाही. त्याच्याकडं नोकरी बदलली की आडनाव बदलतं. आपलं? आडनाव ऐकून खोली नाकारणाऱ्या घरमालकाला विचारा.

आणखी एक. बूट विकणारा, घेणारा, त्यापायी मारणारा, सगळे भेटले. बूट शिवणारा मात्र मला अख्ख्या पुस्तकात दिसला नाही. तो कुठल्या पाळीत होता, बॅरीसाहेब?