खूण आणि नाद

नोकरीनिमित्त श्रीपेरुंबुदूर येथे राहत असता शेजारच्या एका मुलीचा पियानोचा रियाज आम्ही नित्य ऐकत असू. शोपँचे ई-फ्लॅटमधील निशागीत (ओपस ९, क्रमांक २) ती बसवीत होती. छापील प्रतीत जेथे पाय दाबण्याची खूण, तेथे ती दाबी. जेथे सोडण्याची, तेथे सोडी. तरीही वादन गढूळ लागे. आज्ञा तंतोतंत पाळूनही कार्य का बिघडावे, हा प्रश्न कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस भिडल्यावाचून राहिला नाही.

पायपेटीच्या साथीने नाट्यपदे ऐकलेल्या रसिकांनी येथे एक भेद ध्यानी घ्यावा. पायपेटीत पाय भात्याला हवा पुरवितो. पियानोत तो तारांवरील लोकरी गाद्या उचलतो, आणि बोट काढले तरी स्वर घुमत राहतो. या निशागीतात डावा हात खर्जाचा स्वर वाजवून लगेच वरच्या स्वरसमूहांकडे वळतो. पाय नसेल तर खर्ज तुटतो, आणि तंबोरा थांबल्यावर गायकाचे जे होते तेच उजव्या हातातील गीताचे होते.

शोपँ १८३१ मध्ये पॅरिसला आला आणि तेथे प्लेयेलचा पियानो त्याचा आवडता झाला. त्या वाद्याचा खर्ज हलका, नाद लवकर विरणारा. पुढे ओतीव लोखंडाची अखंड चौकट रूढ झाली, तारांचा ताण वाढला, आणि १८५९ मध्ये स्टाइनवेने मोठ्या पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याचे पेटंट घेतले. स्वर बलवान व दीर्घजीवी झाला. पूर्वी जे धुके आपोआप विरे, ते आता साचू लागले.

यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कित्येक संपादकांनी खुणाच बदलल्या. आमच्या मते हा उपाय रोगाहून वाईट. मूळ मसुदा खोडून त्या जागी आपले टिपण लिहिण्याचा अधिकार कोणास नाही. यान एकीर यांच्या पोलिश राष्ट्रीय आवृत्तीने मूळ खुणा पुन्हा वाचकांपुढे ठेवल्या, हे योग्यच झाले. तथापि, केवळ खूण पाळणे म्हणजेही निष्ठा नव्हे.

श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. ब्रह्मसूत्रांवर श्रीभाष्य लिहिणाऱ्या आचार्यांनी सूत्राचे अक्षर बदलले नाही. त्याचा अर्थ उलगडला. शोपँची खूणही सूत्रच होय. ती पायाला दिलेली आज्ञा नसून कानाला दाखविलेले ध्येय आहे: खर्ज टिकावा, गीत स्वच्छ राहावे. आजच्या पियानोवर ते अर्ध्या पायाने साधते. गाद्या तारांना जेमतेम टेकतात. वरच्या बारीक तारा लवकर शमतात, खर्जाच्या जाड तारा घुमत राहतात.

शेजारच्या मुलीची अडचण मात्र निराळी होती. तिच्या विजेवरील वाद्याचा पाय चालू आणि बंद एवढेच जाणे. अर्धे त्यास ठाऊक नव्हते. आम्ही तिला एवढेच सुचविले की, पाय खुणेप्रमाणेच ठेव, खर्ज सोडू नकोस. गीतातील लगतचे चढते-उतरते स्वर तेवढे हलक्या बोटांनी वाजव. काही दिवसांनी धुके पुष्कळ निवळले. पूर्ण गेले नाही. पण आता ती खुणेकडे पाहत नव्हती, ऐकत होती.