‘पडीक’ हा शब्द कोणाचा?

‘देशी झाडे लावा’ ही हाक आता शहरात आणि खेड्यात सारखीच ऐकू येते. हाक चुकीची नाही. परंतु ती ज्या भाषेत दिली जाते ती भाषा तपासल्याशिवाय आपण तिच्यामागे जाऊ नये. शब्द तपासणे हे समीक्षेचे काम आहे. आपल्या बाबतीत तर ते जगण्याचेही काम झाले आहे.

पहिला शब्द ‘पडीक’. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग आणि मराठवाडा येथील कितीतरी माळराने सरकारी दप्तरात पडीक ठरली. जिथून सारा येत नाही ती जमीन पडीक, हे इंग्रजी अमदानीतले गणित. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, पण गणित तेच राहिले. माळ दिसला की सलग समतल चर खणायचे, खड्डे घ्यायचे आणि रोपे लावायची. राज्य सरकारच्या वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २०१६ साली २ कोटी होते, ते २०१९ साली ३३ कोटींवर गेले. झाडांची मोजदाद झाली. त्यांच्यासाठी कोणते गवत उखडले, याची कोणी केली?

विद्यार्थी असताना श्रमसंस्कार शिबिरात मीही एका माळावर गिरिपुष्पाची रोपे लावली. घरी येऊन ते अभिमानाने सांगितले. आई त्याच माळावर गवताचे भारे कापून विकत असे. तिने एवढेच विचारले, ‘‘मग पवन्या कुठं उगवंल?’’ पवन्या म्हणजे कोणते गवत, हे मला ठाऊक नव्हते. घरातला पहिला पदवीधर मी! शिक्षणाने मला ‘पडीक’ हा शब्द दिला आणि पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही आईची नावे काढून घेतली. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतून आलेले. ते दाट वाढले की त्याच्या सावलीत गवत टिकत नाही. आईचा प्रश्न वनस्पतिशास्त्राचाच होता. फक्त तिच्याजवळ पदवी नव्हती.

मराठी निसर्गलेखनाने जंगल, नदी आणि हिरवाई यांचे कौतुक केले. माळाच्या वाट्याला ‘उजाड’, ‘भकास’, ‘वैराण’ ही विशेषणे आली. आणि हेही कबूल केले पाहिजे की आपणही ती विशेषणे जशीच्या तशी उचलली. आपल्या वंचनेची प्रतिमा म्हणून आपण उजाड माळ वापरला. ज्या जमिनीने आपली जनावरे, चूल आणि बाजाराचा दिवस सांभाळला, तिला आपण मालकांच्या डोळ्यांनी पाहिले. प्रस्थापितांची विशेषणे नाकारणाऱ्या साहित्याने हे विशेषण मात्र नाकारले नाही.

हा माळ म्हणजे तोडलेले जंगल नव्हे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने याचा पुरावा चक्क मराठी साहित्यातून काढला. जुन्या कथा, ओव्या आणि आख्यायिकांत त्यांना ४४ रानवनस्पतींचे उल्लेख सापडले आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. यांतले काही साहित्य थेट तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. पंढरपूरला कान्होपात्रेच्या समाधीवर झाड उगवले अशी आख्यायिका आहे. ते झाड वड नव्हे, चंदनही नव्हे. तरटीचे, माळावरचे काटेरी झाड. गणिकेची मुलगी म्हणून समाजाने जिला उंबऱ्याबाहेर ठेवले, तिची आठवण लोकांनी तरटीशी बांधली. लोकपरंपरेला माळ माहीत होता, दप्तराला नव्हता.

आता दुसरा शब्द, ‘देशी’. इथे अधिक सावध राहिले पाहिजे. जन्मावरून योग्यता ठरवणाऱ्या समाजात ‘मूळचे’ आणि ‘परके’ हे शब्द निरागस राहत नाहीत. केकताड मूळचे मेक्सिकोकडचे. पण मातंग कुटुंबांनी त्याचाच वाख काढून दोर वळले. त्याला परके म्हणून उपटायचे, तर त्या हातांना काय देणार? उलट देशी म्हणून माळावर वड-पिंपळ दाटीने लावले, तरी गवत मरणारच. तेव्हा झाड कोठून आले एवढ्यावर भागत नाही. ते त्या जागेचे आहे काय, आणि इतरांना तिथे जगू देते काय, हे पाहावे लागते. या कसोटीवर गिरिपुष्प माळावरून हटले पाहिजे. हिवर, बोर, तरटी विरळ राहिली पाहिजेत. स्थानिक गवताचे बी गोळा करून पेरले पाहिजे आणि ते रुजेपर्यंत चराई आवरली पाहिजे.

पण ही चराई कोणाची आवरणार? खरा प्रश्न इथे आहे. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, ते पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. १९९१ च्या शासननिर्णयाने मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. तरीही अनेकांच्या हाती अजून सातबारा नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, तेव्हा शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नोंदवला. नोटिसा निघतात तेव्हा हा अपवाद किती जणांना आठवतो? उद्या ‘माळ पूर्ववत करायचा आहे’ असे सांगून दोन एकरवाल्यालाच प्रथम उठवले जाईल, ही भीती काल्पनिक नाही.

म्हणून आपण माळाच्या विरोधात उभे राहायचे काय? मुळीच नाही. माळ परत आणण्याची मागणी आपण स्वतःच केली पाहिजे, पण आपल्या अटींवर. कसणाऱ्याचा पट्टा आधी त्याच्या नावावर व्हावा. उरलेल्या माळावर गवत कापण्याचा हक्क ते कापत आलेल्या बायांना लेखी मिळावा. कोणते गवत कुठे होते, हे ठरवणाऱ्या समितीत त्या बसाव्यात. त्यांना केवळ बी वेचण्याच्या रोजंदारीवर बोलावू नये. आणि आपण लिहिणाऱ्यांनी निदान एवढे करावे: पुढच्या वेळी ‘उजाड माळ’ असे लिहिण्यापूर्वी घरातल्या म्हातारीला त्या माळावरच्या गवतांची नावे विचारावीत. ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.