असत्यास शासन करावे काय ?

घडलेली हत्या घडलीच नाही असे छापून सांगणाऱ्यास तुरुंगात धाडावे की नाही, ह्या प्रश्नावर युरोपात व अमेरिकेत गेली चार-साडेचार दशके वाद चालू आहे. आणि त्यातील विशेष हा की, वादाच्या दोन्ही बाजूंस मानवी हक्कांचा कैवार घेणारी मंडळीच उभी आहेत. एक पक्ष म्हणतो, मेलेल्यांची स्मृती सुरक्षित राहणे हा जिवंतांचा हक्क आहे. दुसरा म्हणतो, बोलण्याचा हक्क खोटे बोलणाऱ्यास नाकारला तर तो खरे बोलणाऱ्याजवळही फार काळ उरत नाही. नाझी राजवटीने सुमारे साठ लक्ष यहुद्यांचा संहार केला ही गोष्ट सिद्ध आहे की नाही, हा ह्या वादाचा विषय नव्हे. कागदपत्रांनी, साक्षींनी आणि खुद्द अपराध्यांच्या कबुलीजबाबांनी इतका शाबीत झालेला प्रसंग अर्वाचीन इतिहासात दुसरा सापडणे कठीण. वाद एवढाच की, जो तो नाकारतो त्याचे काय करावे. कन्हानसारख्या कोळशाच्या खाणींच्या गावी बसून ही उठाठेव आम्ही का करावी, असे वाचकांस वाटेल. परंतु हा प्रश्न आपल्या दारापर्यंत केव्हाच येऊन पोचला आहे, असे आमचे मत आहे.

लेखाचे निमित्त झाले ते डेबोरा लिपस्टाट ह्या अमेरिकन विदुषीच्या 'हिस्टरी ऑन ट्रायल' ह्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे पुनर्वाचन. १९९३ साली बाईंनी संहार नाकारणाऱ्यांच्या लिखाणाचा समाचार घेणारा एक ग्रंथ लिहिला व त्यात डेव्हिड अर्व्हिंग ह्या इंग्रज लेखकावर पुरावा वाकविल्याचा आरोप केला. अर्व्हिंगने १९९६ साली लंडनमध्ये त्यांच्यावर आणि पेंग्विन ह्या प्रकाशनसंस्थेवर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. इंग्लंडच्या कायद्याची तऱ्हा अशी की, अशा फिर्यादीत आपले विधान खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर पडतो. म्हणजे फिर्याद खोट्याने लावली आणि परीक्षा द्यावी लागली ती खऱ्याला. जानेवारी २००० मध्ये सुनावणी सुरू झाली, आणि ११ एप्रिल रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे ह्यांनी अर्व्हिंगची फिर्याद फेटाळून लावली.

पुस्तकातील खरा रस तळटीपांच्या तपासणीत आहे. केंब्रिजचे इतिहासाध्यापक रिचर्ड इव्हान्स ह्यांनी आपल्या दोन साहाय्यकांसह अर्व्हिंगच्या ग्रंथांतील संदर्भ मूळ कागदांशी ताडून पाहिले आणि सातशेंहून अधिक पानांचा अहवाल न्यायालयापुढे ठेवला. त्यातील दोनच मासले देतो. ३० नोव्हेंबर १९४१ रोजी हिमलरने दूरध्वनीवरील आपल्या संभाषणाचे टिपण केले, त्यात बर्लिनहून निघालेल्या यहुद्यांच्या एका गाडीचा उल्लेख करून पुढे 'संहार नाही' अशा अर्थाचे शब्द लिहिले आहेत. एका गाडीपुरते असलेले हे टिपण अर्व्हिंगने सबंध यहुदी जातीला लागू केले आणि हिटलरनेच हत्या थांबविण्याचा हुकूम दिला होता, असा सिद्धान्त त्यावर उभारला. दुसरा मासला ड्रेस्डेन शहरावरील बाँबवर्षावाचा. मूळ जर्मन अहवालात २०,२०४ मृतांची नोंद होती; तीपुढे कोणी एक शून्य चढविले व २,०२,०४० असा आकडा करून बनावट कागद फिरविला. तो कागद अर्व्हिंगने डोळे मिटून उचलला. लबाडी ती एवढीशी, एका शून्याची. पण तिच्या जोरावर दोस्तांचे पाप फुगवायचे आणि नाझींचे त्याच्या शेजारी ठेवून लहान दाखवायचे, हा डाव साधत होता.

प्रतिवादी पक्षाने एक गोष्ट केली ती आम्हांस फार मोलाची वाटते. छळछावणीतून जिवंत सुटलेल्या एकाही वृद्धास त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. अर्व्हिंग आपला वकील आपणच झाला होता. त्या माणसाने ह्या वृद्धांची उलटतपासणी करून त्यांस खोटे ठरविण्याचा खेळ करावा, हे त्यांस मान्य नव्हते. कागदच बोलले. पुस्तकात दोष नाहीत असे नाही. वकिलांच्या हुशारीचे, त्यांच्या मद्यरसिकतेचे आणि भोजनांचे वर्णन वाजवीपेक्षा अधिक आहे, आणि मधूनमधून बाई स्वतःच्या धैर्याकडे जरा कौतुकाने पाहतात. पेंग्विनसारखी संस्था आणि उदार देणगीदार पाठीशी नसते तर हेच सत्य खर्चाच्या ओझ्याखाली मोडून पडले असते, ही गोष्ट विजयाच्या आनंदात अंमळ झाकली गेली आहे.

तथापि लिपस्टाटबाईंचा मोठेपणा खटल्यानंतर दिसतो. १९८९ साली केलेल्या भाषणांबद्दल ऑस्ट्रियातील न्यायालयाने अर्व्हिंगला २० फेब्रुवारी २००६ रोजी तीन वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा ह्या बाईंनी तिच्याविरुद्ध मत दिले. लंडनच्या न्यायालयात ज्याचे पांडित्य उघडे पडले होते, त्याला व्हिएन्नाच्या तुरुंगाने हुतात्म्याची वस्त्रे नेसविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो सुटूनही आला. फ्रान्समधील इतिहासकार पिएर विदाल-नाके ह्यांचे आईबाप औश्विट्झला मारले गेले होते. संहार नाकारणाऱ्यांशी वाद घालू नये, त्यांच्याविषयी मात्र लिहीत राहावे, असे ते म्हणत. आणि तरीही त्यांस शिक्षा देणारा कायदा त्यांस नको होता. १९७७ साली शिकागोजवळील स्कोकी ह्या गावी, जेथे छळछावण्यांतून वाचलेले पुष्कळ यहुदी राहत असत, नाझी गणवेश घालून मिरवणूक काढण्याचा हक्क मागणाऱ्यांची बाजू अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ह्या संस्थेने न्यायालयात मांडली. संस्थेचे हजारो सभासद रागावून निघून गेले. तिचे तेव्हाचे चालक आर्ये नायर हे स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेले व हिटलरच्या राज्यातून लहानपणी निसटलेले यहुदी. ज्यांची जखम सर्वांत खोल त्यांच्यांतूनच कित्येकांनी कायद्याची कास धरण्याचे नाकारले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जर्मनी व ऑस्ट्रिया ह्यांचे कायदे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या भूमीवर अग्नी पेटला होता तेथे निखाऱ्यावर पाय देऊ नये म्हणून कोणी कुंपण घातले, तर दुरून त्याला भ्याड म्हणणे शोभत नाही. पण कुंपणाचा खांब कोठे रोवला आहे, हे पाहिले पाहिजे. फ्रान्सने १९९० साली जो गेसो कायदा केला, त्यात न्यूरेंबर्गच्या न्यायासनाच्या सनदेत व्याख्या केलेले आणि न्यायालयांनी दोषी ठरविलेल्यांचे अपराध नाकारणे हा गुन्हा ठरविला. म्हणजे सत्याचा आधार झाला न्यायालयाचा निकाल. आता ह्याच न्यूरेंबर्गच्या आरोपपत्रात कातिनच्या अरण्यातील पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल सोव्हिएत वकिलांनी जर्मनांच्या माथी मारली होती. न्यायाधीशांनी शहाणपणाने निकालपत्रात तिचा उल्लेख टाळला, एवढेच. ती कत्तल सोव्हिएत पोलिसांनी केली, ही कबुली मॉस्कोने दिली ती १९९० साली. आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली ती कुटुंबे. न्यायाधीशांची लेखणी त्या वेळी एक ओळ अधिक चालली असती, तर कातिनविषयी खरे बोलणारा पोलिश माणूस पुढे अशा कायद्याच्या कचाट्यात सापडला असता.

आणि येथे आम्ही दाराशी येतो. आमची कन्हान नदी भंडाऱ्याच्या बाजूस जाऊन वैनगंगेस मिळते. त्याच भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, खैरलांजी गावी, २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे ह्या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे ह्यांस गावातील जमावाने ठार मारले. घराचा कर्ता भैयालाल तेवढा वाचला. तो २०१७ साली वारला. प्रारंभी ह्या हत्याकांडाची वार्ता त्रोटक आली, आणि तिलाही मृत स्त्रीच्या चारित्र्यावरील आक्षेपाचा मुलामा चढविलेला होता. नाकारण्याची आमच्याकडची रीत अशी आहे. चार प्रेते समोर असताना हत्या झाली नाही, असे कोणी म्हणत नाही. हत्येचे कारण बदलून टाकले की काम भागते. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या मंडळींनी गावात जाऊन, विचारपूस करून अहवाल लिहिले नसते, तर तो मुलामा तसाच राहिला असता.

पुढे काय झाले ते पाहा. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांस दोषी ठरविले व त्यांतील सहा जणांस फाशी सुनावली. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद कायम केली. परंतु जातीच्या द्वेषातून हा अपराध घडला ही गोष्ट दोन्ही न्यायालयांस सिद्ध झालेली दिसली नाही. अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा लागू झाला नाही. जे अहवाल लिहीत होते, जे मोर्चे काढीत होते, त्यांस हा निकाल मान्य झाला नाही; आम्हांसही ती बाजू पटलेली नाही. क्षणभर कल्पना करा की, फ्रान्ससारखा कायदा आपल्याकडे आहे आणि न्यायालयाने ठरविलेले सत्य नाकारणे हा गुन्हा आहे. मग पिंजऱ्यात कोण उभा राहता ? चारित्र्याच्या कंड्या पिकविणारा खासच नव्हे. 'ही जातीची हत्या होती' असे म्हणणारा दलित कार्यकर्ता तेथे उभा दिसला असता. दुर्बळांच्या रक्षणार्थ मागितलेला कायदा प्रथम दुर्बळांच्याच तोंडावर हात ठेवतो. मानवी हक्कांच्या ज्या संस्था असा कायदा मागतात, त्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

महाराष्ट्राने ह्याची एक तालीम पाहिलीही आहे. जेम्स लेन ह्यांच्या २००३ सालच्या शिवाजीवरील इंग्रजी पुस्तकात छत्रपतींच्या मातापित्यांविषयी एक कुत्सित वदंता पुराव्यावाचून नमूद केली होती. विद्वत्तेच्या दृष्टीने ते वाक्य निंद्यच होते, आणि पुण्यातील इतिहासज्ञांनी प्रकाशकांस पत्र लिहून तसे बजावलेही. प्रकाशकांनी पुस्तक येथून मागे घेतले. येथवर सर्व यथायोग्य घडले. पण ५ जानेवारी २००४ रोजी शंभराहून अधिक माणसे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसली आणि ज्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पोथ्यापुस्तकांची नासधूस करून गेली. त्या पत्रावर सही करणाऱ्या गजानन मेहेंदळे ह्यांनी उद्वेगाने आपल्याच शिवचरित्राच्या हस्तलिखिताची शेकडो पाने फाडून टाकली. खोट्या वाक्याला सर्वांत पक्के उत्तर ज्या कागदांत होते, ते कागद असे गेले. सरकारने त्याच महिन्यात पुस्तकावर बंदी घातली. लेखक व प्रकाशक ह्यांवरील फिर्याद सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली रद्द केली. बंदी उच्च न्यायालयाने उठविली, आणि सरकारचे त्यावरील अपील ९ जुलै २०१० रोजी फेटाळले गेले.

ह्या निकालांत जी कसोटी लावली, ती आमच्या नागपूरची आहे, हे विदर्भातील वाचकांस सांगावयास आम्हांस अभिमान वाटतो. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार ह्या, १९४७ च्या निवाडेसंग्रहात छापलेल्या प्रकरणात, नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांनी असे ठरविले की, शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, कणखर आणि धीट माणूस समोर धरावा. प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास घेणारा दुबळ्या मनाचा माणूस धरू नये. पुढे राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात भाषणस्वातंत्र्यावर बंधने घालण्याची आठ कारणे आली. त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था आहे, अब्रुनुकसानी आहे, गुन्ह्यास चिथावणी आहे, पण नुसते असत्य नाही. चिथावणीचा प्रकार अगदी निराळा. १९९४ साली रुआंडातील आकाशवाणी केंद्रावरून माणसे मारण्याची हाक दिली गेली, तेथे न्यायालयाने शिक्षा करावी ह्यात दुमत नाही. संहार नाकारणे हीच छुपी हाक असते, असा प्रतिपक्षाचा मुद्दा आहे, आणि तो पोकळ नव्हे. पण मग ती हाक त्या त्या प्रकरणात शाबीत करून दाखवावी. सरसकट गृहीत धरू नये.

आम्हांस भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हिटलरचे आत्मचरित्र आमच्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकविक्यापासून चांगल्या दुकानापर्यंत सर्वत्र मिळते, आणि सुशिक्षित घरांतूनही त्याच्या 'शिस्ती'ची वाखाणणी ऐकू येते. ही माणसे संहार नाकारीत नाहीत. त्यांस तो ठाऊकच नाही, अथवा ऐकून माहीत असूनही त्याचा हिशेब ती करीत नाहीत. कोणता कायदा ह्यांस शिक्षा करणार ? लिपस्टाटबाईंचे पुस्तक कोणी मराठीत उतरविणार असेल, तर भोजनांची प्रकरणे खुशाल आखडती घ्यावीत, आणि त्या जागी इव्हान्सच्या अहवालातील चार-पाच उतारे सविस्तर द्यावेत. निदान हिमलरचे टिपण आणि ड्रेस्डेनचे ते एक शून्य गाळू नये.