सेन्सर बदलण्याआधी: विमान देखभालीच्या शिक्षणावर एक आक्षेप

मंडळी, आजचा विषय ऐकायला बारीक वाटेल. विमानाच्या पिस्टन एंजिनावरच्या सेन्सरला वीज नीट मिळत नसेल, तर तो दोष शोधायचा कसा? आणि हे काम आपण विद्यार्थ्यांना नीट शिकवतो का? आमचं उत्तर आहे, नाही. का, ते सांगतो.

आपल्या अंधेरीला लागूनच जुहूचा विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथं उतरले, ते पस मॉथ विमानातून. त्या एंजिनाची ठिणगी मॅग्नेटोवर चालायची. मॅग्नेटो आपली वीज आपणच तयार करतो, त्यामुळे बॅटरी मेली तरी एंजिन चालू राहतं. आजही अनेक शिकाऊ विमानांत हीच सोय आहे. पण रोटॅक्स ९१२ आयएससारखी नवी एंजिनं ईसीयू नावाच्या संगणकावर चालतात. ईसीयू सेन्सरवर विसंबतो, आणि दोघंही वीजपुरवठ्यावर.

पुरवठा हलला की काय होतं, याचं उदाहरण बघा. ४ मार्च २००७, जर्मनीतलं श्पायर. दोन डिझेल एंजिनांचं डायमंड डीए-४२ विमान. बॅटरी उतरलेली, म्हणून दोन्ही एंजिनं बाहेरच्या विजेवर सुरू केली. पुस्तिकेप्रमाणे दुसरं एंजिन विमानाच्या स्वतःच्या विजेवर सुरू करायचं होतं. उड्डाणानंतर चाकं आत घेताना व्होल्टेज क्षणभर पडलं, ईसीयू रीसेट झाले आणि दोन्ही एंजिनं बंद पडली. दोष पुरवठ्यात होता.

सेन्सरचं दुखणं मात्र इतकं उघड नसतं. समजा, तेलाचा दाब मोजणारा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो. शून्य दाबाला ०.५ व्होल्ट, १० बारला ४.५ व्होल्ट. आता त्याची ग्राउंड वायर जिथं जोडली आहे, तिथूनच जड प्रवाहही परत जातोय. त्या जोडाला फक्त ०.०१ ओहम रोध आला आणि ३० अँपिअर वाहिले, की ०.३ व्होल्ट तिथंच अडले. शून्य दाबालाही ईसीयूला आता सुमारे ०.७७ व्होल्ट दिसतील. म्हणजे जवळपास ०.७ बार दाब जास्त दिसेल. दाब खरंच घसरत असेल तेव्हा वैमानिकाला तो ठीक वाटेल. धोका आहे तो इथं.

आता आमचा आक्षेप. डीजीसीएच्या सीएआर-६६ अभ्यासक्रमात मॉड्यूल ३ मध्ये विजेची मूलतत्त्वं आहेत आणि मॉड्यूल १६ मध्ये पिस्टन एंजिन. दोन्हींचा मजकूर भरीव आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण एकाची परीक्षा वेगळी, दुसऱ्याची वेगळी, आणि दोन्हीकडे बहुपर्यायी प्रश्न. मुलाला ओहमचा नियम पाठ असतो, एंजिनही पाठ असतं. या दोघांना जोडणारी वायर मात्र कुठल्याच पेपरात हाताला लागत नाही. मग हँगरमध्ये पडद्यावर सेन्सरचं नाव आलं की तो सेन्सर बदलतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, तेव्हापासून घाटकोपर-मुलुंडच्या गॅरेजांतही हीच सवय दिसते. फरक इतकाच, की स्कूटर बंद पडली तर ढकलत नेता येते.

खरं तर क्रम सोपा आहे. आधी बघायचं, चुकीचे आकडे एकटे आहेत की जोडीनं. दोन-तीन सेन्सर एकदम बिघडले तर त्यांचा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा संशयित. एक्झॉस्टचं तापमान थर्मोकपल मोजतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही. तो ठीक आणि बाकीचे चुकताहेत, तर संशय बळावला. मग सेन्सर जोडलेला ठेवूनच त्याच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजायचं. कनेक्टर काढून मोजलं तर भार नसतो, आणि कळकलेला जोडही पूर्ण ५ व्होल्ट दाखवतो. ग्राउंडच्या दोन टोकांमधला फरक विजेचा भार चालू असताना घ्यायचा. पुरवठा पडलेलाच असेल तर सेन्सर एकेक करून सोडवायचे. ज्याला सोडल्यावर ५ व्होल्ट परत येतील, तो किंवा त्याची वायर गुन्हेगार. यानंतर सेन्सर बदलायचा की नाही, ते ठरवायचं. आपल्याकडे समुद्राची खारी, दमट हवा आहे. पितळेचं भांडं कळकतं तशा पिनाही कळकतात, तेव्हा कनेक्टर आधी उघडून बघावा.

आमची मागणी एवढीच: एका फळीवर वायरिंग मांडा, त्यात एक खराब ग्राउंड लपवा आणि मुलाच्या हातात मल्टिमीटर द्या. त्याला दोष शोधू द्या आणि कुठलं माप कुठं घेतलं, ते लिहायला लावा. गुण त्या मापांना द्या. आता प्रश्न असतील तर घेऊया.